पटावरचं विसावं नाव

चिखलबोडीत एक जूनला जेवढे वाढदिवस असतात, तेवढे अख्ख्या तालुक्यात वर्षभरात होत नसतील. गावातला चाळिशीच्या आतला कोणीही धरा आणि त्याचा शाळेचा दाखला बघा. तारीख तीच. कोणी धान कापताना झालेला, कोणी मोहफुलं वेचायच्या दिवसांत, कोणी ऐन पुरात डोंग्यातून दवाखान्यात नेता नेता. कागदावर मात्र सगळे एक जूनचे. आणि ही सगळी बाळंतपणं एकट्या सोमाजी रामटेके गुरुजींनी उरकलेली, शाळेच्या टेबलावर, निळ्या शाईनं.

यात काही चुकतंय असं कधी कोणाला वाटलं नाही, गुरुजींना तर नाहीच. जूनच्या शेवटी बाप पोराला धरून आणायचा. "कधीचा आहे रे?" म्हणून विचारलं की म्हणायचा, "पाणी लय होतं जी त्या साली." आता त्या पाण्याची तारीख कोणत्या पंचांगात शोधावी? गुरुजी पोराच्या तोंडाकडे बघायचे, पडलेले दात मोजायचे, आणि सहा वर्षं मागे जाऊन एक जून टाकून द्यायचे. खुद्द त्यांनाही त्यांच्या गुरुजींनी तीच टाकली होती. पुढे पोरं मोठी झाली, एकमेकांचे दाखले बघून हसायला लागली, आणि एका वर्षी दहा-बारा जण मिळून अंगणात येऊन उभे राहिले. "गुरुजी, आमच्या सगळ्यायचा बड्डे आहे, काहीतरी द्या ना जी!" तेव्हापासून रीतच पडली. एक जूनला गुरुजींच्या घरी बुंदी. ज्याला ज्याला गुरुजींनी जन्माला घातलं, त्यानं यायचं, पाया पडायचं, पळसाच्या पानाचा द्रोण भरून न्यायचा. गुरुजींची बायको सत्यशीलाबाई कढईपुढे बसून झारा आपटायची. "पैदा तुम्ही करता," ती म्हणायची, "अन् कळा मले येतात."

यंदा मात्र ही तारीख गुरुजींच्या गळ्याशी आली.

त्याचं असं झालं. इस्तारी पचारेची आचल अकरावीत होती. इस्तारी ढिवर माणूस. गावच्या तलावात मासे धरायचे, शिंगाडे लावायचे, उन्हाळ्यात बायको गोकुळाला घेऊन तेंदूपत्ता तोडायला जायचं, असं त्याचं वर्ष जायचं. त्याच्या घरात ही पोट्टी गणिताची निघाली. निघाली म्हणजे कशी, तर सातवीत असताना एकदा गुरुजींकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, कोणताबी आकडा घ्या, उलटा करा, मोठ्यातून लहान वजा करा. नवाच्या पाढ्यातलाच येते." गुरुजी तेव्हा रिटायर होऊन घरी बसलेले. त्यांनी दुपारभर पाटीवर गाड्यांचे नंबर, मोबाईलचे नंबर, स्वतःचा पेन्शनचा नंबरसुद्धा उलटा करून बघितला. बापा रे, खरंच की! असं का होतं तेही तिनं लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवलं. ते काही गुरुजींना समजलं नाही. त्यांनी आयुष्यभर पहिली ते चौथी शिकवलेली. पण समजल्यासारखी मान हलवली आणि ती पत्रिका ट्रंकेत ठेवून दिली.

तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात नीलिमा मॅडम गणित शिकवायच्या. त्या एकदा गुरुजींना बसस्टँडवर भेटल्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुमची आचल माझ्या हाताबाहेर गेली."

गुरुजींनी हातातली पिशवी खाली ठेवली. "काय केलं पोट्टीनं?"

"अहो, तसं नाही! पुढे गेली माझ्या. मी जे शिकवते ते तिला आधीच येतं आणि ती जे विचारते ते मला येत नाही. आता तिला माझ्यापेक्षा मोठी माणसं पाहिजेत."

ती मोठी माणसं पुण्यात होती. तिथल्या एका संस्थेचं शिबिर असायचं, जूनचा अख्खा महिना. देशभरातून चाळीसच मुलं घ्यायचे. तिथं मोठमोठे प्राध्यापक, ग्रंथालय, आणि शिबिर संपल्यावरही तीच माणसं पुढची पाचसहा वर्षं त्या मुलांचं बोट सोडत नाहीत, पुस्तकं पाठवतात, कुठं शिकायचं ते सांगतात, असं मॅडमनी सगळ्यांना बसवून समजावलं. जानेवारीत आचल नागपूरला जाऊन परीक्षा देऊन आली. मार्चच्या शेवटी निकाल लागला. चाळिसांत तिचं नाव होतं. अट एवढीच, मूल एक जुलै दोन हजार आठ किंवा त्यानंतरचं पाहिजे. तिचं आधार कार्ड दोन हजार नऊचं. काही प्रश्नच नव्हता.

गाव नुसतं नाचायचं बाकी राहिलं. ग्रामपंचायतीपुढे सत्कार झाला. माईक अर्थातच गुरुजींच्या हातात. आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी ते गेली अकरा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात सांगत आले होते. "ही साडेचार वर्षांची होती. तलावाच्या पाळीवर बसून बापाच्या टोपलीतल्या मासोळ्या मोजत होती. शंभरापर्यंत! मी तिथंच ओळखलं. म्हटलं, इस्तारी, या पोरीला घरी ठेवू नको, आजच शाळेत आण." टाळ्या पडल्या. गोकुळानं पदर डोळ्याला लावला. आचल खाली मान घालून हसत होती.

एप्रिल संपता संपता, डोकं फुटायच्या उन्हात, नीलिमा मॅडम स्कुटी घेऊन थेट गुरुजींच्या दारात आल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

"गुरुजी, आचलचं नाव काढलं."

"काऊन?"

"कागद तपासले त्यांनी. मी फॉर्म भरला आधार कार्डावरून. त्यावर एकवीस ऑगस्ट दोन हजार नऊ. पण दहावीच्या सर्टिफिकेटवर एक जून दोन हजार आठ आहे, आणि ते दहावीचंच धरतात. तीस दिवसांनी मोठी ठरली ती. तीस दिवसांनी, गुरुजी!" मॅडमचा आवाज फाटला. "दहावीचं तिच्या पहिल्या शाळेच्या दाखल्यावरून आलं. तिथं ही तारीख आली कुठून?"

आत सत्यशीलाबाई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. ही तारीख कुठून आली हे त्या घरात विचारायची गोष्ट नव्हती.

आता मासोळ्यांचं काय ते सांगूनच टाकतो. मासोळ्या-बिसोळ्या काही नव्हत्या. दोन हजार चौदाच्या जूनमध्ये वरून पत्र आलं होतं, पट विसाच्या आत गेला तर शाळा बंद करू. पट होता एकोणीस. गुरुजींच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. गावात घर बांधून झालेलं, अंगणात आंबा लागलेला. शाळा बंद झाली तर बदली, आणि बदली म्हणजे तिकडे जिवतीच्या डोंगरात, असं ऑफिसातले लोक खाजगीत सांगत होते. गुरुजी तीन दिवस गावभर पोर शोधत फिरले. सहा वर्षांचं एकही उरलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी इस्तारी तलावावरून येताना दिसला. एका खांद्यावर जाळं आणि दुसऱ्या खांद्यावर झोपलेली पोरगी.

"इस्तारी, हिचं नाव टाकतो."

"लहान आहे जी अजून. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झालेली, अजून पाच..."

"ते राहू दे. मी लिहतो बरोबर. तू अंगठा दे."

इस्तारीनं जाळं खाली ठेवलं, पोरगी ठेवली नाही. तसाच एका हातानं अंगठा दिला. गुरुजींनी विसावं नाव लिहिलं. साल मागे नेलं, आणि तारीख टाकायच्या जागी हात आपोआप चालला. एक जून. पंधरा जुलै टाकली असती तरी कोणी विचारलं नसतं. पावणेसहा वर्षांचं पोर काय आणि सहाचं काय, तेव्हा चालून जायचं. पण हाताला सवय एक जूनची. पोरगी झोपेतच पटावर आली. ती हुशार निघाली हे गुरुजींना पुढं सहा महिन्यांनी कळलं, आणि मग हळूहळू मासोळ्या आल्या. पहिल्या वर्षी वीस होत्या, मग पन्नास झाल्या, मग शंभर. माणूस चांगलं खोटं दहा वेळा बोलला की त्याला ते दिसायलाच लागतं. गुरुजींनाही ती पाळ, ती टोपली, ती मोजणारी बोटं खरंच दिसायची.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गुरुजी तालुक्याला गेले. रात्री बसून त्यांनी एक कागद लिहिला होता. 'मी, सोमाजी रामटेके, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, लिहून देतो की सदर विद्यार्थिनीची जन्मतारीख मी जाणूनबुजून चुकीची नोंदवली. यात पालकाचा दोष नाही.' अंगणवाडीचं पिवळं कार्ड इस्तारीकडून मागून घेतलं होतं, त्यावर पहिल्या लशीची तारीख होती. दहावीच्या वेळी ते कोणी मागितलंच नव्हतं.

शिक्षण खात्याच्या ऑफिसात टेबलाशी धनराज होता, त्यांचाच विद्यार्थी, नव्वद सालचा. त्यानं उठून पाया पडून खुर्ची दिली. कागद वाचला. मग इकडेतिकडे बघून त्याची घडी घातली आणि गुरुजींच्या हातात परत ठेवली.

"हे कोनाले दाखवू नका, गुरुजी."

"काऊन? खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच म्हनतो. लिहिताना चूक झाली असं असतं तं प्रस्ताव तरी वर जाते. तुमी म्हनता जानूनबुजून. जानूनबुजून लिहलेलं दुरुस्त होत नाई जी, त्याची चौकशी होते. अन् त्या अर्जावर अंगठा इस्तारीभाऊचा आहे. पहिले त्याले बोलावतीन."

गुरुजी पुढे वाकून हळूच म्हणाले, "बरं, मग चूक झाली असं लिहून देतो. नऊच्या जागी आठ पडला. मी खोटं लिहायले तयार आहे, धनराज. तुझ्यासमोर लिहतो." सदुसष्ट वर्षांचा माणूस, गावानं ज्याच्या शब्दावर भांडणं मिटवली तो, आपल्या विद्यार्थ्यापुढे पेन काढून बसला होता.

धनराजला बघवेना. "आता तेही चालत नाई, गुरुजी. दहावीचं सर्टिफिकेट एकदा निघालं की शाळेचं रजिस्टर कोनी उघडत नाई. कोर्टकचेरी केली तं होईन एखाद्या वेळी, पन तोवर दोन दिवाळ्या जातीन. शिबिर कधीचं आहे?"

"एक जूनपासून."

धनराजला हसू आलं, वाईट हेतूनं नाही. "पाहा, म्हणजे तिथंबी तुमचीच तारीख. माझी माय म्हनते मी दिवाळीतला. तुमी मले जूनचा केला, तोही एक साल आधीचा. दीड वर्ष आधी रिटायर होऊन घरी बसीन मी." त्यानं ते अगदी सहज सांगितलं, जसं कोणी घरातली जुनी गंमत सांगतं. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधायचा प्रयत्न गुरुजींनी केला. नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

परत आले तेव्हा मॅडम अंगणात वाट बघत होत्या. तारीख आपणच टाकली, हे गुरुजींनी त्यांना सांगून टाकलं. त्यांनी गुरुजींसमोर पुण्याला फोन लावला. पलीकडून एक बाई फार गोड बोलल्या. मुलीचा पेपर त्यांना आठवत होता, पाचवा प्रश्न तिनं ज्या रीतीनं सोडवला तशी रीत कोणीच वापरली नव्हती, असंही त्या म्हणाल्या. पण नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वर्षी बघू म्हणावं तर वय वाढलेलंच असणार. आम्हालाही वाईट वाटतं. फोन ठेवल्यावर मॅडम "पाचवा प्रश्न," एवढंच म्हणाल्या आणि स्कुटीला किल्ली लावली.

दोन दिवस गुरुजी घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सत्यशीलाबाईनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि तिथंच बसली.

"ऑफिसात जाऊन सांगून आले. मॅडमले सांगितलं. जिचं गेलं तिले कधी सांगसान?"

"काय सांगू?"

"मासोळ्यायचं सांगा."

दिवस कलताना गुरुजी तलावावर गेले. पाणी पार मध्यापर्यंत हटलं होतं, काठाचा चिखल तडकला होता. पाळीवर मोहाच्या झाडाखाली इस्तारी जाळं दुरुस्त करत बसला होता. चार हात अंतरावर आचल, मांडीवर वही. निवड झाल्यावर संस्थेनं सगळ्या मुलांना बारा प्रश्न पाठवले होते, पहिल्या दिवशी सोडवून आणा म्हणून. नाव काढलं तरी ती ते सोडवतच होती. गुरुजींना बघून बापलेक दोघंही उठले.

गुरुजींनी तोंड उघडायच्या आधी इस्तारीच म्हणाला, "गुरुजी, माझंच चुकलं जी."

"तुझं? तुझं काय चुकलं?"

"आधारवाले आले होते तेव्हा मी खरी तारीख सांगितली ना. पिवळं कार्ड दाखवलं. तुमी जे लिहलं होतं तेच सांगाले पायजे होतं. दोन तारखा झाल्या म्हणून पोट्टीचं नाव कटलं. मले काय समजते, अंगठेबहाद्दर माणूस. चार दिवसापासून गोकुळा बोलून नाई राह्यली माझ्यासंग."

असं म्हणून त्या माणसानं मान खाली घातली. खरं बोलल्याबद्दल तो माफी मागत होता, आणि मागत होता कोणाची तर सोमाजी गुरुजींची! गुरुजी पाळीवर तसेच मातीत बसले.

"इस्तारी, तुझं काही चुकलं नाई. आधारची तारीख नसती तं फॉर्मच भरला नसता, एवढंच. खोटी तारीख माझी आहे." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पत्र, एकोणीसचा पट, जिवतीची धास्ती, अंगठा. मध्येच थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाहीत.

इस्तारी ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पन तुमी तिले शिकवलं जी. तुमी नाव नसतं टाकलं तं..."

"वर्षभरानं आलीच असती ना रे शाळेत! सहाव्या वर्षी आली असती तरी हेच डोकं घेऊन आली असती. आज दहावी झाली असती, पुढल्या वर्षी परीक्षा दिली असती, खऱ्या तारखेनं गेली असती. तू म्हणत होता तान्ह्या पोळ्याची आहे. मी तुले पुरं बोलूबी दिलं नाई."

आचलनं वही मिटली होती, बोट मात्र पानात तसंच होतं.

"मंग मासोळ्या?" तिनं विचारलं.

"कायच्या मासोळ्या, बाई. तू झोपली होती. बापाच्या खांद्यावर."

"मी मोजल्याच नाई?"

"नाई."

ती तलावाकडे बघत राहिली. "मले वाटे, मलेच आठवत नाई," ती म्हणाली. "लहान होतो म्हणून. मी लय आठवून पाहो. कधी कधी आठवेबी थोडंसं."

गुरुजींना वाटलं, आता ही रडेल. रडली असती तर त्यांनी पाठीवर हात ठेवला असता. पण तिनं हिशेबाचा प्रश्न विचारावा तसा सरळ प्रश्न विचारला.

"मंग शाळा वाचली का, गुरुजी? माझ्यानं?"

गुरुजींना याच प्रश्नाची भीती होती.

"दोन वर्षं."

"तुमी रिटायर झाले तोवर."

"हो."

तिसरीपासून ती शेजारच्या गावी तीन किलोमीटर पायी गेली होती, वाघाच्या भीतीनं घोळक्यानं जायचं आणि घोळक्यानं यायचं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. "अंधार होईन," बापाला म्हणाली, "चला." जाताना तिनं गुरुजींकडे बघितलं नाही. इस्तारीनं मात्र जाळं आवरता आवरता त्यांना हात देऊन उठवलं, आणि घरापर्यंत सोडायला आला. त्या सोडायला येण्यानं गुरुजींचा जीव जितका तुटला तितका पुण्याच्या फोननंही तुटला नव्हता.

मे महिना तेंदूपत्त्यात गेला. आचलही आईबापाबरोबर जंगलात जायची, पहाटे जाऊन दुपारी यायची, आणि मग पानांचे पुडके बांधत बसायची. गुरुजींच्या दारावरून जाण्यायेण्याचा रस्ता होता, पण ती मागच्या बांधानं जायची.

एक जून उजाडला. गुरुजींनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, यंदा बुंदी नको. सत्यशीलाबाईनं ऐकलं नाही. "तुमच्या पापानं गावातल्या बाकीच्या पोरायनं काऊन उपाशी राहावं?" ती म्हणाली आणि कढई चढवली. माणसं आली. धनराज मुद्दाम बसनं आला, बायकोपोरांना घेऊन. सगळे पाया पडत होते, हसत होते, "हॅपी बड्डे गुरुजी" म्हणत होते, आणि गुरुजी पाय मागे ओढत होते. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून त्यांच्या मनात येत होतं, याचं काय गेलं असेल माझ्यापायी? नोकरीचा फॉर्म? भरतीचं वय? यानं कधी सांगितलं नाही, की याला कळलंच नाही?

दुपारी अंगण रिकामं झालं. बारा वाजून गेले असतील. तिकडे पुण्यात आता चाळीस मुलं एका हॉलमध्ये बसली असतील, आणि चाळिसाव्या खुर्चीवर दुसरंच कोणी असेल, असा विचार गुरुजी करत होते, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

आचल होती. तेंदूपत्त्यानं बोटं काळी पडलेली, हातात वही. ती पाया पडली नाही. ओसरीवर आली आणि वही त्यांच्यापुढे धरली.

"आज द्यायची होती. पहिल्या दिवशी. बाराही झाले. कोनाले देऊ समजलं नाई, म्हणून आणली."

गुरुजींनी चष्मा लावला. पानामागून पान उलटलं. मोत्यासारखं अक्षर, खाडाखोड जवळपास नाहीच. एक ओळ त्यांना समजेल तर शपथ. कुठं बरोबर आहे, कुठं चूक आहे, त्यांना काही, काही कळत नव्हतं. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, आणि समोर त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वही. ते शेवटच्या पानापर्यंत गेले, कारण मध्ये थांबायची त्यांना लाज वाटली.

"मले नाई समजत, बाई," ते शेवटी म्हणाले.

"माहीत आहे. सही तं करा. पाहिली म्हणून."

त्यांनी खिशातून पेन काढलं. शेवटच्या ओळीखाली 'तपासले' लिहायला गेले, तेही खोटंच झालं असतं. नुसती सही केली. सहीखाली तारीख टाकायची असते. हात तिथं गेला आणि तिथंच राहिला. या हातानं ती तारीख शेकडो वेळा डोळे मिटून टाकली होती. आज ती खरीच होती, कॅलेंडर समोर भिंतीवर लटकत होतं, आणि पेन कागदावर टेकत नव्हतं. डोळ्यांतून पाणी गळून सहीवर पडलं आणि शाई पसरली.

आचलनं त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं, तारीख स्वतः टाकली, फुंकर मारून शाई वाळवली आणि वही मिटली.

आतून सत्यशीलाबाई द्रोण भरून घेऊन आली. तिनं आचलसाठी वेगळा काढून ठेवला होता, वरून काजूचे चार तुकडे घातलेला. "घे माय," ती म्हणाली. "तुह्या वाट्याचा आहे."

"नको, आजी," आचल म्हणाली. अगदी हळू म्हणाली, ओसरीवरच्या म्हाताऱ्याला लागू नये म्हणून. "माझा वाढदिवस आज नाई."